हाताची पाच वर्षे, पदवीची पाच वर्षे

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने येतात, आणि बदलापूरच्या पूर्वेस, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत, खरवई हे गाव लागते. तेथील औद्योगिक वसाहतीमुळे हे नाव रासायनिक आणि औषधी कारखान्यांच्या पत्त्यांत सर्वत्र आढळते. या पट्ट्याचा औषधांशी असलेला संबंध कारखान्यांपासून सुरू झाला असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्यानंतरच येथे मोठ्या प्रमाणावर वसाहती उभ्या राहिल्या हे खरे असले, तरी त्यापूर्वी बारा-तेरा वर्षे, अवघ्या काही मैलांवर, औषधांच्या व्यवसायाचा एक वेगळाच प्रश्न येऊन ठेपला होता. एका देशात शिकलेले, किंवा केवळ अनुभवाने कमावलेले, औषधे तयार करून देण्याचे कौशल्य दुसऱ्या देशात गेल्यावर कोणी आणि कशाच्या आधारावर मान्य करायचे, हा तो प्रश्न. आज याच पट्ट्यातील तरुण औषधनिर्माते तोच प्रश्न घेऊन अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि आखाती देशांच्या दाराशी उभे राहतात, म्हणून त्याचा येथील इतिहास नीट पाहणे आवश्यक ठरते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली होती आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख विस्थापितांना तिच्या बराकींमध्ये आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले; तिचे पाच विभाग मात्र आजही लोकांच्या तोंडी ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ असेच आहेत. व्यापारी, शिक्षक, कारकून, वैद्य अशा सर्व थरांतील माणसे येथे आली. सिंध १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्यामुळे सिंधमधील हैदराबाद किंवा कराचीच्या दवाखान्यात १९३६ पूर्वी काम केलेला माणूस आणि ठाण्याच्या दवाखान्यात काम केलेला माणूस हे एकाच सरकारच्या अमलाखालचे होते. अकरा वर्षांनंतर त्यांपैकी पहिल्याचा अनुभव परदेशातला ठरला, आणि त्याने त्यासाठी स्वतः काहीही केलेले नव्हते.

त्या काळी औषध देणारा माणूस म्हणजे बहुधा कंपाउंडर. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेली द्रव्ये ग्रेन, ड्राम आणि औंसाच्या मापाने तोलून, खलात घोटून, पाण्यात किंवा पाकात मिसळून मिक्श्चर तयार करणे, चूर्णाच्या सारख्या वजनाच्या पुड्या बांधणे, मलम घोटणे हे त्याचे काम असे, आणि या मिश्रणाच्या कामालाच ‘कंपाउंडिंग’ म्हणत. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी डकवून डोसाच्या खुणा करण्याची पद्धत जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. हे काम शिकण्यासाठी महाविद्यालय असावे ही कल्पना हिंदुस्थानात उशिरा रुजली. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये देशातील औषधांची आणि ती देणाऱ्यांची अनिर्बंध स्थिती मांडली. महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ पासून औषधशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. १९४० मध्ये औषधांच्या दर्जाविषयीचा कायदा झाला. औषध देणाऱ्या माणसाविषयीचा कायदा, म्हणजे फार्मसी कायदा, ४ मार्च १९४८ रोजी अस्तित्वात आला, आणि त्याच सुमारास कल्याणच्या छावणीत सिंधमधून आलेली कुटुंबे बराकींत पडदे लावून संसार मांडत होती.

या कायद्याचा गाभा म्हणजे नोंदवही. प्रत्येक राज्याने औषधनिर्मात्यांची एक अधिकृत यादी ठेवायची आणि त्या यादीत नाव असलेल्यानेच डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध तयार करून द्यायचे, अशी ही रचना होती. नाव नसलेल्याला औषध देण्यास मनाई करणारे कलम ४२ प्रत्यक्षात सगळीकडे लागू व्हायला १९८४ साल उजाडले, तरी दिशा पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती. यातील पहिली नोंदवही तयार करताना कायद्याने जे औदार्य दाखवले त्याची नोंद आजच्या वाचकाने अवश्य घ्यावी. कलम ३१ नुसार पदवी किंवा पदविका असलेला, मान्य कंपाउंडर परीक्षा उत्तीर्ण झालेला, औषधशास्त्राखेरीज अन्य विषयाची पदवी घेऊन तीन वर्षे कंपाउंडिंग केलेला आणि कोणतीही पदवी नसताना दवाखान्यात किंवा रुग्णालयात किमान पाच वर्षे कंपाउंडिंग केलेला, असे चारही प्रकारचे लोक या यादीत येऊ शकत होते. म्हणजे पाच वर्षे काम केलेला हात हा पदवीच्या बरोबरीचा मानला गेला. विद्यालये मोजकी आणि रुग्ण असंख्य अशा देशात हा निर्णय व्यवहार्य तर होताच, शिवाय तो न्याय्यही होता.

मात्र हे दार ठरावीक तारखेपर्यंतच उघडे होते. पहिली नोंदवही बंद झाल्यावर आणि शिक्षणविषयक नियम लागू झाल्यावर मान्य परीक्षा हा एकच मार्ग उरणार होता. विस्थापितांची अडचण येथे नेमकी लक्षात येते. ज्याचा पाच वर्षांचा अनुभव सिंधमधील दवाखान्यातला होता, त्याला तो अनुभव सिद्ध करण्यासाठी जो दाखला हवा, तो देणारा डॉक्टर कुठे गेला हे ठाऊक नसे, दवाखाना सीमेपलीकडे राहिला होता, आणि कागद हाताशी असला तरी तो बहुधा अरबी धर्तीच्या सिंधी लिपीत किंवा आता परकीय झालेल्या सरकारच्या शिक्क्याचा असे. शिवाय राहत्या जागेचा पत्ताच छावणीतील बराकीचा असताना, राजपत्रात छापलेल्या मुदतीत अर्ज करणे ही साधी गोष्ट नव्हती. अशा माणसांपैकी ज्यांची नावे पहिल्या नोंदवहीत येऊ शकली नाहीत, त्यांच्यासाठी कायद्यात पुढे कोणतीही तरतूद नव्हती.

ती तरतूद ११ वर्षांनी आली. १९५९ च्या दुरुस्ती कायद्याने कलम ३२-अ घातले गेले. त्यानुसार फाळणीमुळे, दंगलींमुळे किंवा त्यांच्या भीतीमुळे १ मार्च १९४७ रोजी किंवा त्यानंतर पाकिस्तानात गेलेल्या प्रदेशातील घर सोडून भारतात राहायला आलेल्या, ४ मार्च १९४८ पूर्वीपासून औषधव्यवसाय हेच उपजीविकेचे मुख्य साधन असलेल्या आणि कलम ३१ च्या अटी पूर्ण करणाऱ्या व्यक्तीचे नाव राज्याच्या औषधनिर्माण परिषदेला नोंदवहीत घालता येऊ लागले. परदेशात हा व्यवसाय करणारे भारतीय नागरिक आणि नंतर भारतात समाविष्ट झालेल्या प्रदेशांतील रहिवासी यांनाही त्याच कलमात स्थान मिळाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेमुळे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या भागांतील औषधनिर्मात्यांचाही विचार या कलमात होता. मराठवाडा हैदराबाद राज्यातून आणि विदर्भ मध्य प्रदेशातून त्याच दिवशी मुंबई राज्यात आला असल्याने मराठी वाचकाला या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सीमा माणसांवरून सरकली की पात्रतेचा कागद मागे राहतो, हे कायदेमंडळाने येथे प्रथमच स्पष्टपणे ओळखलेले दिसते.

ही दुरुस्ती अमलात आली ती तारीख होती १ मे १९६०, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचाच दिवस. पण हे दारही कायमचे उघडे ठेवले नव्हते. कलमाची मुदत दोन वर्षांची होती आणि विस्थापितांच्या बाबतीत राज्य सरकारला ती फार तर आणखी दोन वर्षे वाढवता येत होती. फाळणीच्या वेळी तिशीत असलेला कंपाउंडर या कलमाचा लाभ घेण्याच्या वेळी त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांचा झालेला होता, आणि मधली १३ वर्षे त्याला आपले कौशल्य दुसऱ्याच्या नावाखाली किंवा दुसऱ्याच कामात वापरावे लागण्याची शक्यता होती. तरतूद योग्य होती; तिला लागलेला उशीर मात्र समर्थनीय ठरत नाही.

गोव्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. पणजीच्या वैद्यक विद्यालयात १८४२ पासून पोर्तुगीज पद्धतीने औषधशास्त्र शिकवले जात होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा भारतात आल्यानंतर तेथील पदवीधर आपल्याच गावात, आपल्याच दुकानात बसलेले असताना परकीय पात्रतेचे धारक झाले. गोवा कॉलेज ऑफ फार्मसी १९६३ मध्ये भारतीय धर्तीवर उभे राहिले, ते या संक्रमणाच्या काळातच. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कलम ३२-ब घातले गेले आणि आजच्या बांगलादेशाच्या प्रदेशातून विस्थापित झालेले, तसेच ब्रह्मदेश, श्रीलंका, युगांडा इत्यादी देशांतून परत आलेले भारतीय वंशाचे औषधव्यावसायिक यांच्यासाठी तशीच वाट केली गेली. परदेशी पदव्यांविषयीची सामान्य तरतूद मात्र १९४८ पासूनच कलम १४ मध्ये आहे: भारतीय औषधनिर्माण परिषद, म्हणजेच फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया, एखादी परदेशी पात्रता पुरेशी असल्याचे ठरवू शकते, पण ती धारण करणारी व्यक्ती भारतीय नागरिक नसेल, तर ती पात्रता जेथे दिली गेली त्या देशातही भारतीय वंशाच्या तशाच पात्रताधारकांना व्यवसाय करू दिला जात असला पाहिजे. या अटीला परस्परता म्हणतात.

कारखान्याची बाब याहून वेगळी आहे आणि खरवईच्या संदर्भात ती समजून घेतली पाहिजे. औषध तयार करणाऱ्या कारखान्यात देखरेखीसाठी लागणाऱ्या तज्ज्ञांची पात्रता औषध नियमांत दिलेली आहे; त्यात औषधशास्त्राच्या पदवीधराला १८ महिन्यांचा, तर रसायनशास्त्राच्या पदवीधराला तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव पुरेसा मानला आहे आणि तुल्य दर्जाची परदेशी पात्रता असलेल्यालाही केंद्र सरकारच्या परवानगीने ते काम करता येते. दुकानाच्या फळीमागे उभ्या असलेल्या माणसाला जी नोंदणी अटळ आहे, ती कारखान्यातील रसायनतज्ज्ञाला लागत नाही. औद्योगिक वसाहतींतून तयार गोळ्या आणि कॅप्सूल बाहेर पडू लागल्यावर कंपाउंडरचा खल मागे पडला, आणि हाताच्या अनुभवाला कायद्याने जे मोल दिले होते, त्याची गरजही हळूहळू संपली. उल्हासनगरात आता औषधशास्त्र शिकवणारे पदविका विद्यालय आहे. त्याला नाव आहे प्राचार्य के. एम. कुंदनानी यांचे, याच कुंदनानींनी बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्यासह १९४९ मध्ये मुंबईत हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड या विस्थापितांच्या शिक्षणसंस्थेची उभारणी केली. ज्या समाजाला आपल्या माणसांच्या कौशल्याचा दाखला मिळवताना झगडावे लागले, त्याच समाजाने नोंदणीपर्यंत नेणारे शिक्षण येथे उभे केले, हे या इतिहासातील सर्वांत समाधानाचे पान आहे.

आता प्रवासाची दिशा उलटली आहे. बदलापूर-अंबरनाथचा औषधनिर्माता परदेशी निघतो तेव्हा प्रथम मुलुंडला, महाराष्ट्र राज्य औषधनिर्माण परिषदेच्या कार्यालयात जाऊन ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र, म्हणजे नोंदणी चालू असून तिच्यावर कोणताही ठपका नाही असा दाखला, मिळवतो आणि विद्यापीठाकडून गुणपत्रकांचा अधिकृत उतारा थेट परदेशी मंडळाकडे पाठवण्याची व्यवस्था करतो. आखाती देशांत कागद मूळ संस्थेकडून पडताळून घेतल्यावर संगणकावर परीक्षा द्यावी लागते. कॅनडात १९६३ मध्ये स्थापन झालेले औषधनिर्मात्यांचे परीक्षा मंडळ आधी मूल्यमापन परीक्षा घेते आणि मग लेखी व प्रात्यक्षिक अशी पात्रता परीक्षा घेते. या प्रात्यक्षिकात उमेदवाराला रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी बोलून औषधाची माहिती द्यावी लागते. ब्रिटनमध्ये एका वर्षाचा विशेष अभ्यासक्रम, नंतर ५२ आठवड्यांचे प्रशिक्षण आणि शेवटी नोंदणी परीक्षा असा क्रम आहे.

अमेरिकेचा नियम सर्वांत कठोर आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. १ जानेवारी २००३ पासून पदवी घेणाऱ्या परदेशी उमेदवाराचा मूळ अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असलाच पाहिजे, अशी अट तेथील औषधनिर्माण मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने घातली. भारतातील बी. फार्म. ही पदवी चार वर्षांची असल्यामुळे त्या तारखेनंतरच्या भारतीय पदवीधराला तेथील पात्रता परीक्षेला बसण्याचा मार्गच बंद झाला, मग त्याने नंतर दहा वर्षे दुकानात किंवा रुग्णालयात काम केलेले असो. भारतात सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम २००८ च्या नियमांनी आला आणि त्यामुळे नव्या पिढीतील काहींना वाट मिळाली. आधीच्या चार वर्षे शिकलेल्यांसाठी मात्र कलम ३२-अ सारखी कोणतीही तरतूद तेथे झालेली नाही. १९४८ च्या कायद्याने पाच वर्षे राबलेल्या हाताला मान दिला. २००३ च्या नियमाने मान दिला तो वर्गातल्या पाच वर्षांना. रुग्णाच्या सुरक्षेसाठी शिक्षणाची अट हवीच, पण अनुभवाचे मोल शून्य धरणारा नियम अपुरा आहे, आणि गरीब, नुकतीच फाळणी झालेल्या देशाने या बाबतीत श्रीमंत देशाहून अधिक समंजसपणा दाखवला होता.

कलम ३२-अ कायद्याच्या पुस्तकात आजही छापले जाते, जरी त्याची मुदत कधीच संपली आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि खरवई येथील कुटुंबांत किंवा जुन्या मेडिकल दुकानांत त्या कलमाखाली १९६० ते १९६४ या काळात मिळालेले नोंदणी प्रमाणपत्र, त्यासाठी केलेल्या अर्जाची प्रत किंवा सिंधमधील दवाखान्याचा दाखला कोणाच्या पेटीत असेल, तर तो रद्दीत न देता जपून ठेवावा आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा महाविद्यालयाकडे द्यावी.