टायरच्या भिंतीतला सौदा

तुमच्या गाडीच्या टायरवर बाजूला एक आकडा असतो. १८५/६५ आर १५, किंवा तसलंच काहीतरी. बहुतेकांनी तो आयुष्यात वाचलेला नसतो. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की रबराची भिंत, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची उंची, त्या रुंदीच्या किती टक्के आहे. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. हिशोब केला तर ही भिंत १२० मिलिमीटरची भरते. एखाद्याने हौसेने १७ इंची अलॉय टाकून २०५/४५ चे टायर चढवले, तर भिंत उरते ९२. चाक बाहेरून जवळजवळ तेवढंच, पण मधली २८ मिलिमीटर गादी गायब. गाडी वळणावर चिकटून चालते, आणि खड्डा आला की दणका थेट माकडहाडात.

या सौद्याचा इतिहास मोठा गंमतीचा आहे. आणि मधेमधे गंमत संपते.

हवेचा टायर जन्मला तो आरामासाठी. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली. वर्षभरात त्याच शहरात विल्यम ह्यूम नावाचा सायकलपटू हवेच्या टायरवर बसून शर्यती जिंकला. म्हणजे जे मऊ तेच वेगवान, असा सुखाचा काळ होता तो. फार टिकला नाही.

मोटारी जड झाल्या, वेगवान झाल्या, तशी टायरची एक खोड उघडी पडली. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा रिम लगेच वळतं, पण रस्त्याला चिकटलेलं रबर मागे रेंगाळतं, पिळवटतं. चाक एका दिशेला बघतं आणि गाडी त्याच्यापेक्षा किंचित वेगळ्या दिशेला जाते. या फरकाला स्लिप अँगल म्हणतात. हँडलिंग हँडलिंग म्हणून जे काही म्हणतात, त्यातला निम्मा मामला इथेच असतो: पुढच्या चाकांचा हा कोन जास्त की मागच्या चाकांचा? पुढचा जास्त असला तर गाडी वळायला कुरकुरते. मागचा जास्त झाला तर शेपूट बाहेर फेकली जाते आणि मग सावरायला सरावाचा हात लागतो.

जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोर्व्हेअरची ही दुसरी गत होती. १९६० च्या मॉडेलची ही गाडी. इंजिन मागे, वजन मागे, आणि मागचं सस्पेन्शन असं की जोरात वळताना चाक पोटाखाली दुमडू शकायचं. त्यावर कंपनीचा उतारा काय? हवा. पुढच्या टायरांत १५ पीएसआय, मागच्यांत २६. पुढचे टायर मुद्दाम ढिले ठेवायचे, म्हणजे तेच आधी घसरतील आणि शेपूट जागेवर राहील. कागदावर हे चालतं. पण पेट्रोल पंपावरचा पोरगा चारही चाकांत सारखीच हवा भरतो, जगात कुठेही. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण याच गाडीवर लिहिलं. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या तपासणीने ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती असा निष्कर्ष काढला, हेही सांगायला हवं. मला मात्र तो निष्कर्ष कोर्व्हेअरची सुटका कमी आणि इतर गाड्यांवरचा आरोप जास्त वाटतो.

दरम्यान फ्रान्समध्ये मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं होतं. जुन्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांवर तिरके, फुलीसारखे असत. भिंत कडक केली की सगळंच कडक. मिशेलिनने धागे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ नेले आणि रस्त्याला लागणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टा घातला. भिंत मऊ, तळवा ताठ. वळताना भिंत वाकते, पण तळवा रस्त्यावर सपाट राहतो.

मग सत्तरच्या दशकात इटलीच्या पिरेलीने भिंतच कापली. रॅलीत धावणाऱ्या लान्चिया स्ट्राटॉससाठी घडवलेला त्यांचा पी-७ टायर रुंद आणि बुटका होता, आणि वेगात तो फुगू नये म्हणून पोलादी पट्ट्यावर नायलॉनचा आणखी एक वेढा होता. तो पोर्शच्या ९११ टर्बोवर आला. १९७८ च्या लँबॉर्गिनी काउंटाचला मागे ३४५/३५ चे पी-७ बसवले, तेव्हा ते झाकायला चाकांवर रुंद कमानी लावाव्या लागल्या. पोस्टरवर पोरांनी जिच्यावर जीव टाकला ती काउंटाचची रुंद बैठक टायरमुळे आली. स्टिअरिंग जरा हललं की गाडी हलते, ही चटक इथून लागली. किंमतही उघड होती: रस्त्यातला प्रत्येक सांधा हाताला कळायचा, आणि चिकट रबर लवकर झिजायचं. पण हा सौदा निदान गिऱ्हाइकाच्या पाठीला कळत होता.

फोर्ड एक्सप्लोररच्या गिऱ्हाइकाला तो कळला नाही. उंच, जड एसयूव्ही. खाली फायरस्टोनचे २३५/७५ आर १५, म्हणजे १७६ मिलिमीटरची ऐसपैस भिंत. फोर्डने हवा सांगितली २६ पीएसआय. कमी हवेत गाडी मऊ चालते, आणि वळणावर टायर कमी धरतो, म्हणजे उंच गाडी उलटायच्या आधी सरकते. पण कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला जास्त वाकतो आणि तापतो. या टायरांचा पट्टा भर वेगात सुटू लागला. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. मृत्यू दोनशेच्या वर गेले, त्यातले बहुतेक एक्सप्लोरर उलटून. फायरस्टोन म्हणे दोष गाडीचा आणि हवेचा, फोर्ड म्हणे टायरचा. सरकारी तपासात टायरच्या रचनेतला दोष सापडला. जवळजवळ शतकभराची ही भागीदारी २००१ मध्ये मोडली.

त्याच वर्षी, २००० मध्ये, अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, आणि त्यातून पुढे नव्या गाड्यांमध्ये हवा कमी झाल्याचा इशारा सक्तीचा झाला. आज आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेच्या आकारात उद्गारचिन्ह असलेला जो पिवळा दिवा लागतो, आणि जो आपण पुढच्या पंपावर बघू म्हणून सोडून देतो, तो हाच.