पाहुणा आला रेल्वेनं

बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातूरला पोचली, ती अडीच फुटी रुळांवरून. १९२७ मध्ये ती मिरजेलाही जोडली गेली. मग पुढे कधीतरी रूळ रुंद झाले, आणि २०१६ साली त्या रुंद रुळांवरून लातूरला काय आलं? तर पाणी!

मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी पाचापेक्षा जास्त माणसं जमू नयेत म्हणून १४४ कलम लागलं. म्हणजे घागर हे दंगलीचं हत्यार झालं म्हणा की :)

१२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली गाडी आली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. नाव 'जलदूत'. आमची मावशी म्हणाली, "पाव्हणा तिकीट काढून आलाय का बघा रे." आम्ही हसलो. मे महिन्यात रेल्वेनं खरंच सुमारे चार कोटींचं बिल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवलं!

त्या उन्हाळ्यात मावशीचं कपाट उघडंच असायचं, अंगणातल्या निळ्या ड्रमला मात्र कुलूप. किल्ली मंगळसूत्राला. पावसाळ्यात धरण भरलं, किल्ली काही तिथून हलली नाही. हल्ली त्या ड्रममध्ये ज्वारी असते.