डॉप्लर तपासणी

डॉप्लर तपासणीत रक्ताचा वेग प्रतिध्वनीच्या बदललेल्या वारंवारतेवरून काढतात. प्रोबमधून निघालेल्या श्राव्यातीत लहरी धावत्या तांबड्या पेशींवर आदळून परततात; पेशी प्रोबकडे येत असतील तर वारंवारता वाढते, दूर जात असतील तर घटते. ख्रिश्चन डॉप्लर यांनी हे तत्त्व १८४२ मध्ये प्राग येथे मांडले, तेही ताऱ्यांच्या रंगासंदर्भात. ५ मेगाहर्ट्‌झची लहर सेकंदाला १ मीटर वेगाच्या रक्तावर ६० अंशांत पडली, तर फरक सुमारे ३,२५० हर्ट्‌झ येतो. हा फरक कानाच्या टप्प्यातला, म्हणून यंत्रातून ठोक्यागणिक प्रवाहाचा आवाज ऐकू येतो. कोन मात्र नीट धरावा लागतो: ६० अंशांपाशी ५ अंशांची चूक वेग सुमारे १५ टक्क्यांनी चुकवते. पडद्यावरचे लाल-निळे रंग केवळ दिशा दाखवतात. लाल म्हणजे शुद्ध रक्त, हा समज चुकीचा आहे.

गरोदरपणात ही तपासणी विशेष मोलाची. नाळेतल्या रोहिणीत बाळाचे हृदय शिथिल असतानाही रक्त वारेकडे सरकत राहायला हवे. तो प्रवाह थांबला किंवा उलटला, तर वारेतला रोध फार वाढल्याचे ते लक्षण असते आणि बाळावर तातडीने लक्ष ठेवावे लागते. केंद्र जालना शहरातले असो की अंबड-परतूरचे, गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार ‘एफ’ नमुन्यात करणे बंधनकारक आहे. डॉप्लरही त्यातून सुटत नाही.