ताजच्या भुताचं कूळ

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातलं भूत गोऱ्या साहेबाचं आहे. नकाशे काढून साहेब विलायतेला गेला, परतून पाहतो तर इमारत उलटी उभी: तोंड गावाकडे, पाठ समुद्राला. त्यानं पाचव्या मजल्यावरून उडी टाकली, आणि तेव्हापासून तो जुन्या इमारतीत फिरतो म्हणे.

जमशेटजी टाटांचं हे हॉटेल 16 डिसेंबर 1903 ला उघडलं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पहिल्या महायुद्धात तिथं 600 खाटांचं इस्पितळ होतं, हे वाचून मात्र मी चक्रावलो. भुताखेतांना इतका आयता माल हाताशी असताना लोकांनी आजारी शिपाई सोडून साहेबच का धरला? ‘इस्पितळ तिथं भूत’ हा लाडका सिद्धान्त इथं लंगडा पडतो. शेजारच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या इमारतीतही त्याच सुमारास लष्करी इस्पितळ होतं. तिथल्या शिपायाचं भूत काही माझ्या कानावर आलेलं नाही.

माझ्या मते हे भूत दरवाज्यातून जन्मलं. हॉटेलचा मुख्य दरवाजा खरोखरच मागे, गावाच्या अंगाला होता. आज तिथं पोहण्याचा तलाव आहे. घोडागाड्या शहरातून यायच्या, मग दार तिकडेच हवं. इमारतीच्या दोन्ही बाजू पश्चिमेला मोकळ्या सोडल्या त्या बॅक बेवरचा दुपारचा वारा खोल्यांत यावा म्हणून. गेटवे ऑफ इंडिया तर 1924 चा. त्याच्याकडे पाठ फिरवण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे दार समुद्राच्या बाजूला आलं, आणि जुनी रचना लोकांना चूक वाटू लागली. चूक म्हटली की चुकणारा हवा, आणि चुकणाऱ्याला शिक्षाही.

पण साहेबच का? आराखडे होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे, काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियरानं. अर्ध्यात माणूस बदलला, त्यावरूनच ‘आर्किटेक्ट मधेच निघून गेला’ हा धागा सुटला असणार. कागद दाखवता येणार नाही, पैज मात्र लावतो. गंमत अशी की भूत होण्याचा मानही साहेबालाच मिळाला. वैद्य-मिर्झा गोष्टीतून साफ गळाले. तो प्रसिद्ध अधांतरी जिना ज्यांच्या नावावर सांगतात, ते कंत्राटदार सोराबजी रतनजीही गळाले.

तेव्हा पुढच्या खेपेला कुणी गेटवेपाशी ही गोष्ट सांगू लागला, तर भुताचं राहू द्या, त्याला आधी ही तीन नावं विचारा.