धुराची वाट : सदाशिव पेठ, पुणे आणि एक्झॉस्टमधील बदल

मोटारीच्या इंजिनातील प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू ज्या बिडाच्या जोडनळीत एकत्र येतो, तिला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात; आणि ती काढून तिच्या जागी प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र, मोजून कापलेल्या लांबीची पोलादी नळी असलेला जोड बसवला, की त्याला हेडर हे नाव मिळते. हा बदल मूळचा शर्यतीच्या मैदानावरचा आहे. पुण्यात, आणि विशेषतः सदाशिव पेठेसारख्या बोळांच्या वस्तीत, धुराच्या नळीशी चाललेली खटपट मात्र शर्यतीतून आलेली नाही; तिची सुरुवात स्कूटरच्या काजळीपासून झाली आणि तिचा पुढचा सारा प्रवास टंचाई, हौस व कायदा यांनी घडवला.

कारखाने मॅनिफोल्ड बिडाचा करतात, कारण बीड वारंवार तापून थंड होण्याचा ताण सोसते, आवाज जिरवते आणि एकाच साच्यातून हजारो नग स्वस्तात ओतता येतात. त्याचा दोष असा, की चारही सिलिंडरांच्या आखूड वाटा लगेच एकमेकींना मिळतात आणि एकातून सुटलेल्या वायूचा दाब शेजारच्या सिलिंडरच्या वाटेत आडवा येतो. हेडरच्या लांब नळ्या ही अडचण दूर करतात, पण त्यांचे खरे काम त्याहून सूक्ष्म आहे. झडप उघडताच नळीतून दाबाची एक लाट धावते, नळ्यांच्या संगमावर पोहोचल्यावर कमी दाबाची लाट होऊन ती उलटी परतते, आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या दोन्ही झडपा क्षणभर एकत्र उघड्या असताना ती इंजिनापाशी पोहोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेते व ताज्या मिश्रणाला जागा करून देते. ज्या इंजिनात ठिणगी १-३-४-२ या क्रमाने पडते, तिथे पहिली व चौथी आणि दुसरी व तिसरी नळी जोडीने मिळवून पुढे त्या दोन्हींची एक करतात, म्हणजे लागोपाठ येणारे झोत एकमेकांत अडकत नाहीत. लाटेची ही वेळ नळीच्या लांबीवर अवलंबून असल्याने लाभ फेऱ्यांच्या एका ठरावीक टप्प्यातच मिळतो, आणि शर्यतीसाठी केलेल्या हेडरमध्ये तो टप्पा बराच वरचा असतो. पुढचा सगळा इतिहास समजण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

आवाज दाबणाऱ्या मफलरचे पेटंट अमेरिकेत रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये मिळवले, तर तयार हेडर विकणारे हेडमनसारखे कारखाने तिथे १९५० च्या दशकात उभे राहिले. त्याच दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीच्या वाल्टर काडेन या अभियंत्याने टू-स्ट्रोक इंजिनासाठी मधे फुगीर आणि शेवटी निमुळती होणारी नळी, म्हणजे एक्स्पान्शन चेंबर, परिपूर्ण केली. १९६१ मध्ये त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निसटला आणि ही विद्या जपानच्या सुझुकीपर्यंत गेली. पुण्याच्या दृष्टीने हेडरपेक्षा हा धागा अधिक महत्त्वाचा आहे, कारण स्वतःच्या मोटारी फार थोड्या घरांत असलेल्या या शहराचे खरे वाहन टू-स्ट्रोक दुचाकी हेच होते.

सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे आकुर्डीत बजाज ऑटोचा कारखाना आल्यानंतर हळूहळू स्कूटरवर बसले. १९७२ मध्ये चेतक बाजारात आली, पण परवाना-राज्यात उत्पादनावर मर्यादा असल्याने नोंदणी केलेल्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे हाती आलेले वाहन टिकवणे, भाग दुरुस्त करून पुन्हा वापरणे आणि नवा भाग शेवटचा उपाय मानणे ही मध्यमवर्गाची रीत झाली. पेरूगेट, नागनाथ पार, चिमण्या गणपती या परिसरातील वाड्यांच्या दिंडी दरवाजांतून आत-बाहेर होणाऱ्या या स्कूटरींच्या दुरुस्तीत सायलेन्सरला मोठे स्थान होते. त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ते पुरते जळत नाही, त्याची चिकट काजळी सायलेन्सरच्या आत साचते, धुराची वाट अरुंद होते आणि गाडीचा पिकअप व अ‍ॅव्हरेज दोन्ही उतरतात. थांबत-थांबत, कमी वेगाने, कमी तापमानावर चालणाऱ्या गाडीत ही काजळी लवकर साचते, आणि पेठेतील प्रवास नेमका तसा असे. मेकॅनिक सायलेन्सर उतरवून जाळात किंवा गॅसच्या ज्योतीवर तापवत, नाहीतर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत ठेवत, मग ठोकून आतली खपली झाडत. त्याबरोबर हेड खोलून पिस्टनच्या माथ्यावरचा आणि एक्झॉस्टच्या तोंडाचा कार्बनही खरवडला जाई. ही कामे दिसायला क्षुल्लक असली, तरी धुराची वाट मोकळी असणे आणि इंजिनाची ताकद यांचा संबंध पुण्याच्या कारागिरांना कोणत्याही पुस्तकावाचून याच कामांनी शिकवला, आणि म्हणून या व्यवसायाच्या इतिहासात त्यांना पहिले स्थान दिले पाहिजे.

येझदी आणि पुढे १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० या मोटरसायकलींच्या सायलेन्सरमधली बॅफल-नळी, म्हणजे आवाज अडवणारा भोके पाडलेला भाग, शेपटाकडून स्क्रू काढून बाहेर ओढता येई. साफ करण्यासाठी काढलेली ही नळी पुन्हा न बसवणे ही हेतुपुरस्सर बदलाची पहिली पायरी, आणि संपूर्ण सायलेन्सरच्या जागी घडवलेला चेंबर बसवणे ही दुसरी. त्यासाठी लागणारे सामान शहरातच मिळे : वाहनांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठ, पाइप व हार्डवेअरसाठी रविवार पेठेतील बोहरी आळी, आणि वापरलेल्या वस्तूंसाठी बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार. पाइप वाकवण्याचे यंत्र नसलेला कारागीर नळीत कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडे बंद करतो आणि मग ती तापवून वाकवतो, कारण पोकळ नळी तशीच वाकवली तर वळणावर दबते आणि वाट चिंचोळी होते. मोटारीचे हेडर हाताने घडवण्याची कृतीही हीच आहे.

मोटारींचा टप्पा त्यामानाने थोडक्यात सांगता येतो. मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन आणि १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० चे ७९६ सीसीचे इंजिन ही दोन्ही काटकसरीसाठी घडलेली होती. हेडरची मागणी वाढली ती १९९० च्या दशकात झेन व एस्टीम आणि त्यानंतर होंडा सिटी आल्यावर. जुना मॅनिफोल्ड उतरवताना गंजून बसलेला स्टड हेडमध्येच तुटतो आणि तो भोक पाडून काढावा लागतो; नवे गॅस्केट सपाट बसले नाही तर जोडातून हवा शिरते; आणि धूर मोकळा झाल्यावर मिश्रण पातळ होऊ नये म्हणून, कार्बोरेटर असलेल्या गाडीत, त्याचे जेट बदलावे लागतात. एवढे सारे नीट जमले, तरी लक्ष्मी रस्ता आणि टिळक रस्ता यांच्या मधल्या गल्ल्यांत इंजिन क्वचितच त्या वरच्या फेऱ्यांपर्यंत जाते, त्यामुळे पेठेतल्या गाडीला हेडरने मिळवून दिला तो प्रामुख्याने आवाज. बजाजच्या अभियंत्यांनी याच प्रश्नाचे उलट टोक धरले : एक्झॉस्ट नळीला इंजिनाजवळ एक लहान कप्पा जोडून कमी फेऱ्यांवरचा जोर वाढवणारी ‘एक्झॉस्टेक’ ही पेटंट घेतलेली रचना त्यांनी पल्सरसारख्या गाड्यांवर दिली, आणि शहरी रस्त्याच्या गरजेचा विचार करता तीच अधिक शहाणपणाची ठरते.

निर्णायक बदल मात्र हवेच्या कायद्याने घडवला. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायूंचे रूपांतर करणारा मौल्यवान धातूंचा लेप असलेला जाळीदार भाग, सक्तीचा झाला; शिशामुळे तो निकामी होत असल्याने २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. हा भाग तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून तो इंजिनाच्या अधिकाधिक जवळ सरकत गेला आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाच्या अनेक मोटारींत मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. अशा गाडीचा मॅनिफोल्ड काढणे म्हणजे बहुधा कन्व्हर्टरच काढणे होय, आणि त्यातून सुटणारा वायू ज्या बोळात साचतो तिथे दुतर्फा माणसे राहतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील फेरफार रोखते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा काटेकोर अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे ५००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातलेली आहे. बॅफल काढलेली एक मोटरसायकल ती सहज ओलांडते.

हेडरचे स्थान शर्यतीच्या बंद मार्गावर आहे, वस्तीत नाही, हा निष्कर्ष यातून टाळता येत नाही. पण तो मान्य करूनही त्या कारागिरीची नोंद होणे आवश्यक आहे. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे आणि तिथल्या मोजमापांची कागदपत्रे राहतील. वाळू ठासून नळी वाकवणाऱ्याचे ज्ञान मात्र कागदावर उतरत नाही, आणि वाडे पडून इमारती उभ्या राहताना गल्लीतली दुकानेही हलतात. सदाशिव पेठेतच १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ दप्तरे आणि साधने जपत आले आहे. ज्या घरांत चेतकच्या काळची बिले, गॅरेजच्या वह्या किंवा जुन्या मेकॅनिकची अवजारे अजून उरली आहेत, त्यांनी ती रद्दीत न टाकता अभ्यासकांच्या हाती द्यावीत, आणि जे कारागीर हयात आहेत त्यांचे बोलणे त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे.