भोंगा आणि धोटा

जन्मगाव सोडून दूर राहिलेल्या मनुष्याची स्मृती मोठी दयाळू असते. खस्ता ती विसरते आणि खाऊ तेवढा जपून ठेवते. माझे बाळपण मुंबईच्या गिरणगावात गेले; पुढे शिक्षकाच्या नोकरीनिमित्त मी कन्नडास आलो आणि येथलाच होऊन राहिलो. ह्या चाळीस वर्षांत गिरणगावाविषयी जे जे मी लोकांस सांगितले, त्यात गोडव्याचाच भाग अधिक होता. आज त्या आठवणींची थोडी झडती घ्यावी असे मनात आहे.

प्रथम गिरणगाव कसे उभे राहिले ते सांगतो. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवास तिची चाती फिरू लागली. पुढे 1861 ते 1865 ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस विलायतेस मिळेना, तेव्हा आपल्या कापसास अपूर्व भाव आला व मुंबईत पैसा खेळू लागला. त्यानंतरच्या काळात परळ, लालबाग, नायगाव, वरळी ह्या भागांत गिरण्यांची धुराडी दाटली. कोकणातून व घाटावरून माणसे कामास आली. त्यांच्या निवाऱ्यासाठी सरकारच्या विकास खात्याने 1920 नंतर बी. डी. डी. चाळी बांधल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, आणि खोली सुमारे 160 चौरस फुटांची. अशाच एका खोलीत आम्ही आठ माणसे राहत होतो.

आमच्या घरी घड्याळ नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की आई स्टोव्ह पेटवी. दुसरा भोंगा झाला की आम्ही मुले नळावर धावत असू. रात्रपाळीहून काका परत येत, तेव्हा वडिलांची वळकटी अजून उबदार असे. तिच्यावरच ते अंग टाकीत. कोणाचे बिऱ्हाड गावी असले तर तो खाणावळीत जेवे, आणि पगार झाला की खाणावळवाल्या बाईचा हिशेब आधी चुकता करी. गणपतीत रात्र रात्र भजने चालत. दाराला कडी कधी लागत नसे. ‘आमच्या चाळीत जातपात कोणी मानीत नसे,’ हे वाक्य तर मी वर्गात किती वेळा उच्चारले असेल, त्यास गणतीच नाही.

एके वर्षी औद्योगिक क्रांतीचा धडा शिकवीत होतो. जॉन के नावाच्या इंग्रज गृहस्थाने 1733 मध्ये धावता धोटा शोधून काढला, असे त्यात येते. मुलांस कल्पना यावी म्हणून वडिलांचा धोटा मी वर्गात नेला. वडील साचेवाले होते. धोटा लाकडी, होडीच्या आकाराचा. दोन्ही टोकांस लोखंडी टोपणे, पोटात सुताची कांडी आणि बाजूस एक बारीक भोक. एका मुलाने विचारले, “गुरुजी, ह्या भोकातून दोरा बाहेर कसा काढतात?” मी धोटा तोंडाशी नेला आणि वडील करीत तसा श्वास आत ओढून दाखविला. मुले हसली. मला मात्र त्याच क्षणी माझ्या एका बाळमित्राचे आजोबा आठवले.

तो मित्र शाळेतला. रस्त्यापलीकडच्या चाळीत राहणारा. त्याच्या आजोबांनी गिरणीच्या सूतखात्यात जन्म काढला होता. एकदा ते मला म्हणाले होते, “पोरा, तुझ्या आज्याला साचा मिळाला. आम्हाला त्या खात्यात घेत नसत. दोरा तोंडाने ओढायचा असतो ना!” त्या वयात मला त्याचा अर्थ कळला नाही. वर्गात उभा असताना तो कळला.

साचेखात्यात मजुरी सूतखात्याहून अधिक मिळे. परंतु आज जो धोटा एकाच्या तोंडास लागला, तो उद्या दुसऱ्याच्या तोंडास लागणार. म्हणून दलित कामगारांस त्या खात्याचे दार बंद होते. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगारपुढाऱ्यांपुढे ठेवला व ते दार उघडावे अशी मागणी केली. लँकेशायरच्या विणकरांतही दोरा तोंडाने ओढण्याची हीच रीत होती. तेथे तिच्याविरुद्ध ओरड झाली, ती रोग पसरतो म्हणून. आमच्याकडे अडचण झाली, ती विटाळाची.

मग माझ्या त्या आवडत्या वाक्याचे काय? ते खोटे नव्हते. आमच्या चाळीत जातपात मानण्याचा प्रसंगच येत नसे. कारण बिऱ्हाडे बहुतेक एका जातीची आणि एका मुलखाची होती. दुसरी माणसे रस्त्यापलीकडे राहत. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या चाळींत दंगल उसळली, तेव्हा आईने प्रथमच दाराला कडी घातली. कित्येक दिवस माझा तो मित्र मला भेटला नाही. हे मी विसरलो नव्हतो. फक्त कोणास सांगत नव्हतो.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. असंख्य घरांप्रमाणे माझ्या वडिलांचे काम गेले, आणि मित्राच्या वडिलांचेही गेले. साचेखाते आणि सूतखाते यांतला भेद अखेर अशा रीतीने मिटला. वडील माझ्याकडे कन्नडास आले, ते एका पिशवीत तो धोटा घेऊन. येथे ते पहाटे उठून अंथरुणावर बसून राहत. भोंगा व्हायचा नसे, हे त्यांना ठाऊक होते, तरी बसत. आपल्या शेजारच्या खात्यातील माणसाला आपल्या खात्यात का येऊ देत नव्हते, हे त्यांना ठाऊक होते काय, असे मी त्यांना कधी विचारले नाही. आता विचारावयास ते नाहीत. ठाऊक नव्हते असे मानणे मला जड जाते.

आज त्या गिरण्यांच्या जागी उंच इमारती व दुकाने झाली आहेत. चाळीही पाडून नव्याने बांधीत आहेत. आमच्या कन्नडच्या रानात मात्र कापूस अजून फुटतो, आणि वेचणीच्या दिवसांत बायाबापड्यांची बोटे बोंडाच्या टरफलांनी सोलून निघतात. तो पाहिला की मला गिरणगाव आठवते, आणि आजही ते गोडच आठवते. त्या गोडीला मी खोटे म्हणणार नाही. आईच्या स्टोव्हचा आवाज खरा होता, दाराला कडी नसे हेही खरे होते. परंतु ज्या पगारावर मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, त्या पगाराचा साचा माझ्या मित्राच्या आजोबांस मिळू शकला नव्हता, हेही तितकेच खरे. त्या दिवसानंतर वर्गात मी ते जुने वाक्य कधी म्हटले नाही. धोटा पुढे ठेवून दोन्ही गोष्टी सांगत असे. नातवंडांनी विचारले तर आजही दोन्ही सांगतो.