अभियांत्रिकी अभिकल्प : सिद्धांत आणि प्रत्यक्षानुभव यांचा मेळ

यंत्राची किंवा बांधकामाची घडण ठरवताना गणिती सिद्धांत, प्रतिकृतीवरील मोजमाप आणि प्रत्यक्ष कामातील अनुभव एकमेकांवर पारखून घेण्याची रीत. तिचे सर्वांत बोलके जुने उदाहरण म्हणजे इंग्रज अभियंते जॉन स्मीटन (१७२४–९२) यांचा पाणचक्कीवरील अभ्यास.

फ्रान्समधील आंत्वान पारां यांनी १७०४ मध्ये गणिताने असा निष्कर्ष काढला होता की, प्रवाहाच्या धक्क्याने फिरणारे चाक पाण्याच्या शक्तीपैकी जास्तीत जास्त ४/२७ भागच वापरू शकते. पाणी वरून सोडलेले चाक चांगले की खालून ढकललेले, यावर तर जाणकारांची तोंडे दोन दिशांना होती : देझाग्युलिए पहिल्याला दसपट, तर बेलिदॉर दुसऱ्याला सहापट सरस मानत. गिरणी बांधणाऱ्याने यांतले काय धरायचे? स्मीटन यांनी सुमारे २ फूट व्यासाचे चाक बनवले. पाण्याची पातळी, प्रवाह, चाकाचा वेग, उचललेले वजन यांपैकी एकेक गोष्ट बदलत त्यांनी नोंदी घेतल्या. घर्षणात जाणारी शक्तीही वेगळी मोजली. वरून पाणी सोडलेले चाक सुमारे दुप्पट काम देते, असे दिसून आले. हे प्रयोग १७५२–५३ मधले, पण निबंध रॉयल सोसायटीपुढे आला १७५९ मध्ये. मधल्या काळात स्मीटन यांनी आपले निष्कर्ष खऱ्या गिरण्यांवर ताडून पाहिले. पद्धतीचे खरे मर्म या थांबण्यात आहे. १७५९ मध्येच त्यांना रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले.

या मोजमापांशी न जुळणारे पारां यांचे गणित चुकले कुठे, हे फ्रान्समधील बॉर्दा यांनी १७६७ मध्ये दाखवले. पारां यांनी धार एका सुट्या पात्यावर आदळते असे धरले होते. चाकाखालच्या नाळीत मात्र सगळेच पाणी कोणत्या ना कोणत्या पात्याला गाठते. पाणी धक्का न देता आत यावे आणि वेग सोडून बाहेर पडावे, या सिद्धांतातून पुढे १८२० च्या दशकात पाँस्ले यांनी वक्र पात्यांचे चाक घडवले. मोजमापाने सिद्धांत सुधारला आणि सुधारलेल्या सिद्धांताने नवे यंत्र दिले.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्यूरँड व लेस्ली यांनी १९१६–२६ या काळात विमानाच्या पंख्यांची चाचणी स्मीटन यांच्यासारख्याच, एकेक गोष्ट बदलत मोजण्याच्या रीतीने केली. वॉल्टर व्हिन्सेंटी यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात तिचे विश्लेषण केले आहे.

विसाव्या शतकात खुद्द अभिकल्पकाची कामाची रीतच अभ्यासविषय झाली. अभिकल्पाच्या पद्धतींवरील १९६२ ची लंडनमधील परिषद हा त्यातील ठळक टप्पा. लुसिएन ब्लेसिंग आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमरेश चक्रबर्ती यांनी २००९ मध्ये मांडलेल्या संशोधनपद्धतीत आधी अभिकल्पक काम कसे करतात ते पाहायचे, मग त्यांच्यासाठी साधन तयार करायचे आणि ते वापरात उतरते का, हे पुन्हा त्यांच्याच कामात तपासायचे असते.